चोडणच्या चिखलातला पालाश: मोजायचा कसा, वाचायचा कसा

माती परीक्षणाच्या कागदावर ‘पालाश: भरपूर’ असं लिहून आलं की शेतकरी निर्धास्त होतो. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं अशा बेटावर मात्र हा शब्द फसवा असतो. पालाश म्हणजे पोटॅशियम, आणि समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते साधारण ४०० मिलिग्रॅम असतं. खाडीचं पाणी निम्मं खारट धरलं तरी २०० मिलिग्रॅम होतं. कांदळवनातल्या एक किलो कोरड्या मातीमागे ६०० मिली पाणी सहज असतं. म्हणजे मातीच्या कणांनी पालाशचा अंशही धरून ठेवलेला नसला, तरी नुसत्या पाण्यातून किलोमागे १२० मिलिग्रॅम पालाश प्रयोगशाळेत जातो. नेहमीच्या हिशोबाने हा आकडा हेक्टरी २६९ किलो होतो, म्हणजे ‘मध्यम’च्या अगदी वरच्या टोकाला. हा मिठाचा आकडा आहे, मातीच्या सुपीकतेचा नव्हे.

म्हणून बेटावर पालाश मोजताना एका आकड्यावर थांबू नये. पालाश, सोडियम, खारटपणा, जागा आणि ऋतू हे पाचही एकत्र वाचावे लागतात. पुढची पद्धत गोव्यातल्या मांडवी नदीतलं चोडण बेट डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे. बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ साली जाहीर झालेलं १७८ हेक्टरचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, त्याला लागून खाजन शेतं (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून अडवलेली) आहेत आणि वर जांभ्या दगडाची मोरड जमीन आहे. एका बेटावर तीन अगदी वेगळ्या माती मिळतात, त्यामुळे शिकायला याहून चांगली जागा नाही. दिवाडी किंवा मांडवी-जुवारीतल्या इतर बेटांनाही हीच पद्धत लागू पडते.

पालाशकडेच का बघायचं

नत्र आणि स्फुरद वनस्पतीच्या शरीराच्या घडणीत गुंफले जातात. पालाश तसा कुठल्याच संयुगात बांधला जात नाही. तो पेशीरसात मोकळा फिरतो, पर्णरंध्रं उघडतो-मिटतो, पेशीतल्या पाण्याचा दाब सांभाळतो. पान गळलं आणि दोन पाऊस झाले की त्यातला बराचसा पालाश धुऊन जातो, पान कुजायची वाटसुद्धा तो बघत नाही. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा ठिकाणी पालाश धरून ठेवणं हीच जंगलाची कसोटी असते.

खाऱ्या चिखलात कसोटी उलट्या बाजूने लागते. तिथे पालाश पुष्कळ असतो, पण सोडियम त्याच्या कितीतरी पट असतो. समुद्राच्या पाण्यात वजनाने एका भाग पालाशला सुमारे २७ भाग सोडियम भेटतो. तिवर पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते, कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. दोघांचीही धडपड एकच: सोडियम बाहेर ठेवून पालाश आत घ्यायचा.

पनामातल्या बारो कोलोराडो बेटाचं उदाहरण इथे उपयोगी आहे. १९१४ साली पनामा कालव्यासाठी धरण बांधून गातून तलाव भरला, तेव्हा एका टेकडीचं बेट झालं. १९२३ पासून ते संरक्षित आहे. बेटावर ५० हेक्टरचा एक तुकडा आखून त्यातलं १ सेंटिमीटरहून जाड प्रत्येक झाड नोंदलेलं आहे. त्याच संरक्षित क्षेत्रातल्या जवळच्या द्वीपकल्पावर वर्षानुवर्षं नत्र, स्फुरद आणि पालाश वेगवेगळे आणि एकत्र देऊन पाहिले गेले. उष्ण कटिबंधातल्या जंगलात स्फुरदच कमी पडतो, असं तोवर धरून चाललेले होते. त्या प्रयोगात पालाश वाढवल्यावर झाडांनी मुळांवरचा खर्च बदललेला दिसला. तेव्हापासून अभ्यासकांनी पालाशला बाजूला ठेवणं कमी केलं. तिथलं पाणी मात्र गोडं आहे. तिथले आकडे उचलून चोडणला लावू नयेत.

परवानगी आणि वेळ

अभयारण्याच्या हद्दीतून माती असो, पान असो की पडलेली काडी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लेखी परवानगीशिवाय काही उचलता येत नाही. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे वनखात्याकडे करावा. ‘मातीचे नमुने घ्यायचे आहेत’ एवढंच लिहिलेल्या अर्जावर प्रश्न विचारले जातात आणि महिने निघून जातात. अर्जासोबत नकाशावर बिंदू, भोकांची संख्या, व्यास, खोली आणि एकूण किती किलो माती बाहेर जाणार हे द्या. २० बिंदू, प्रत्येकी तीन खोल्या, प्रत्येक पिशवीत अर्धा किलो, म्हणजे ३० किलो. हा आकडा आधीच लिहिलेला असला की वाचणाऱ्याला कामाचा आवाका कळतो. भोकं त्याच जागच्या चिखलाने बुजवणार, हेही लिहा आणि तसं करा. खाजन शेतांसाठी मालकाची किंवा तिथल्या कोमुनिदादची (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) संमती वेगळी घ्यावी लागते.

वर्षातून दोन फेऱ्या पुरतात. पहिली एप्रिल संपता संपता किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात, जेव्हा खाडी सर्वांत खारट असते. दुसरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पावसाने सगळं धुऊन निघाल्यावर आणि स्थलांतरित पाणपक्ष्यांची गर्दी व्हायच्या आधी. एकाच फेरीवर निष्कर्ष काढू नका. पावसाळ्यात मांडवीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, उन्हाळ्यात मुखाकडे ते समुद्राइतकं खारट होतं. त्याच झाडाच्या बुंध्याशी मे आणि ऑक्टोबरमध्ये विद्राव्य पालाश कित्येक पटींनी वेगळा येतो, यात बिघाड काही नाही.

दिवस निवडताना पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा ओहोटी खूप आत जाते, काठाच्या चिखलापर्यंत पोचता येतं, पण पाणी परत चढतं तेही वेगाने. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, आतल्या, उंचावरच्या भागात काम करा. ओहोटीची वेळ धरून दोन तास आधी शिरा आणि पाणी वळलं की निघा. गुडघाभर चिखलात एकटं जाऊ नये. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. त्या बाजूला काम असेल तर स्थानिक होडीवाल्याला सोबत घ्या, पाण्याच्या कडेला पाठ करून बसू नका.

पट्टे आखणं

बेटभर सारख्या अंतरावर चौकटी आखल्या तर नकाशा देखणा होतो, पण खारट काठ आणि जांभ्याचा चढ एका सरासरीत मिसळून जातात. पाण्यापासून वर चढत पट्टे करा: खाडीकाठचा चिपी-तिवरांचा पट्टा, आतलं दाट कांदळवन, बांधाच्या आतलं खाजन, खाजनाला लागून असलेली रेताड खेर जमीन असेल तर ती, आणि वरची जांभ्याची मोरड. प्रत्येक पट्ट्यात किमान पाच बिंदू हवेत. तीन घेतले की एका विचित्र नमुन्याने सगळा पट्टा बिघडतो आणि विचित्र कुठला तेही कळत नाही.

पक्ष्यांच्या मुक्कामाच्या झाडांखालची माती वेगळा पट्टा समजा. विष्ठेतून येतो तो मुख्यतः नत्र आणि स्फुरद. पालाश थोडा येतो, पण तिथला नमुना इतरांत मिसळला तर बाकीचे आकडेही संशयास्पद होतात. राख दिसेल तिथून दूर राहा. राखेत पालाश एवढा असतो की जुन्या चुलीशेजारचा चमचाभर ढेकूळसुद्धा पाच जागांची सरासरी फिरवतो. बांधावर पालापाचोळा जाळायची सवय असते, म्हणून बांधाच्या माथ्यावरून नमुना कधीच घेऊ नये. मानशीच्या (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या दरवाजाच्या) तोंडापासूनही १० मीटर तरी लांब राहा, तिथला गाळ रोज बदलतो.

नमुना काढणं

खास गाळाचा अर्धगोल ऑगर (माती काढायचा गिरमिट) मिळाला तर उत्तम. नसेल तर दोन इंची जाड पीव्हीसी पाइपचा ६० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, खालची कड कानसीने बाहेरून धारदार करा आणि बाहेरच्या अंगावर दर ५ सेंटिमीटरला खूण करा. पाइप चिखलात फिरवत दाबायचा, वरचं तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करायचं आणि मग सरळ वर ओढायचा. बुच नसलं की चिखल खाली घसरून जातो.

इथे एक चूक जवळपास सगळ्यांकडून होते. पाइप दाबताना आतला चिखल दबतो. म्हणून वर काढण्याआधी पाइपच्या आतली पातळी काडीने मोजा आणि बाहेरच्या जमिनीशी ताडून पाहा. ५० सेंटिमीटर खोल गेलेल्या पाइपात ४४ सेंटिमीटरच माती असेल तर सहा सेंटिमीटर दबली, म्हणजे १२ टक्के. दहा टक्क्यांपर्यंत प्रमाणात हिशोब करून चालतं, त्याहून जास्त असेल तर बाजूला नवं भोक घ्या.

थर तीन करा: ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ५० सेंटिमीटर. प्रत्येक बिंदूवर मध्यभागी एक आणि पाच मीटरवर चार दिशांना एकेक अशी पाच भोकं घ्या. सारख्या खोलीची माती प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करा, मुळं आणि शिंपले काढा, त्यातून अर्धा किलो पिशवीत भरा. जांभ्यावर पाइप चालत नाही. तिथे पहारीने खड्डा घेऊन त्याच्या एका बाजूने खुरप्याने सरळ काप काढा.

हातमोजे घाला, तेही पावडर नसलेले. घामात पालाश आणि सोडियम दोन्ही असतात. दोन बिंदूंमध्ये अवजारं आधी त्याच जागच्या पाण्याने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. कागदी चिठ्ठी ओल्या पिशवीत दोन दिवसांत लगदा होते. प्लास्टिकच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहून ती आत टाका आणि बाहेरूनही लिहा.

प्रत्येक बिंदूवर एक मोजलेल्या आकारमानाचा नमुनाही वेगळा घ्या. बारीक कडा असलेली ५ सेंटिमीटर व्यासाची, ५ सेंटिमीटर उंचीची धातूची कडी पुरते. तिच्यात ९८ घन सेंटिमीटर माती बसते. ती १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवली की मातीची घनता मिळते. ही कशाला, ते हिशोबात दिसेल.

भोकात साचलेलं पाणी

पाइप काढलेल्या भोकात ओहोटीच्या वेळी हळूहळू पाणी झिरपतं. पहिलं पाणी उपसून टाका, १० ते १५ मिनिटं थांबा आणि नवं झिरपलेलं पाणी सिरिंजने ओढा. दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून खारटपणा वाचा, उरलेलं गाळून ५० मिलीच्या पॉलिथीनच्या बाटलीत भरा. काचेची बाटली नको, साधी काच पाण्यात सोडियम सोडते.

या पाण्यातून एक सोपा आणि बोलका ताळा मिळतो. खारटपणाच्या हजारी आकड्याला (हजार भाग पाण्यात मीठ किती) ११.५ ने गुणलं की निव्वळ समुद्राच्या पाण्यामुळे लिटरमागे किती मिलिग्रॅम पालाश असायला हवा ते कळतं. खारटपणा २० असेल तर २३०. प्रत्यक्ष मोजलेला पालाश याच्या आसपास असेल तर पाण्याची सगळी कहाणी समुद्राची. बराच जास्त असेल तर कुठून तरी भर पडते आहे: राख, गावाकडून वाहून आलेलं खत, सांडपाणी किंवा कुजणारा पाला. बराच कमी असेल तर चिकणमातीच्या थरांनी किंवा मुळांनी तो ओढून घेतला आहे. साठवणीत बिघडण्याआधी, चार दिवसांत हे पाणी मोजून घ्या.

वाळवायचं की नाही

शेताच्या मातीचे नमुने सावलीत वाळवून, कुटून, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. मोरड आणि खेर जमिनीला हे ठीक आहे. कांदळवनाच्या आणि खाजनाच्या चिखलाला ठीक नाही. या चिखलात लोहाचं सल्फाइड असतं. हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं, माती आंबट होते, आणि तुम्ही मोजता ती बेटावरची माती राहत नाही. वाळण्यानेच मातीच्या थरांत अडकलेला पालाश कधी सुटतो, कधी नव्याने अडकतो, तो भाग वेगळाच.

म्हणून चिखलाची पिशवी हवा काढून बांधा, बर्फाच्या पेटीतून न्या, ४ अंशांवर ठेवा आणि आठवड्याच्या आत ओल्या मातीवरच काम करा. ओलावा वेगळा मोजा.

चिखल आंबणारा आहे का, हे जागेवरच तपासता येतं. चमचाभर चिखलाचा सामू (पीएच) आधी मोजा. मग काचेच्या भांड्यात त्यावर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू घाला, उसळी शमू द्या आणि सामू पुन्हा मोजा. तो २.५ च्या खाली गेला तर सल्फाइड भरपूर आहे. पेरॉक्साइडचा स्वतःचा सामू आधी ५ च्या आसपास आणलेला हवा, नाहीतर त्याच्याच आंबटपणाने निकाल चुकतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. मिश्रण उकळून बाहेर उडतं आणि कातडी भाजते.

प्रयोगशाळेत

मातीतला पालाश चार ठिकाणी राहतो: पाण्यात विरघळलेला, कणांच्या पृष्ठावर धरलेला म्हणजे विनिमयक्षम, चिकणमातीच्या थरांमध्ये अडकलेला आणि खनिजाचा भाग असलेला. पहिले दोन मुळांना लगेच मिळतात. नेहमीच्या परीक्षणात ‘उपलब्ध पालाश’ म्हणतात तो या दोघांची बेरीज असतो. बेटावर हे दोन वेगळे काढणं हेच सगळ्या कामाचं मर्म आहे.

द्रावण: ७७.०८ ग्रॅम अमोनियम अॅसिटेट पाण्यात विरघळवून १ लिटर करा आणि अमोनिया किंवा अॅसेटिक आम्लाने सामू बरोबर ७ वर आणा. प्रमाण द्रावणासाठी वाळवलेलं पोटॅशियम क्लोराइड १.९०७ ग्रॅम घेऊन लिटरभर करा. त्यात लिटरमागे १,००० मिलिग्रॅम पालाश होतो. त्यातून १० मिली घेऊन १०० मिली केलं की १०० मिलिग्रॅमचं द्रावण तयार. त्यातून २, ४, ६, ८ आणि १० मिली घेऊन प्रत्येकी १०० मिली करा, तेही अमोनियम अॅसिटेटमध्येच.

कोरड्या मातीचं प्रमाण ५ ग्रॅमला २५ मिली असं आहे. पाच मिनिटं हलवा, व्हॉटमन १ क्रमांकाच्या कागदातून गाळा. ओल्या चिखलाला थोडा हिशोब लागतो. कोरड्या मातीच्या ६० टक्के ओलावा असेल तर ५ ग्रॅम कोरड्या मातीसाठी ८ ग्रॅम चिखल घ्यावा लागतो. त्यात ३ मिली पाणी आधीच आहे, म्हणून २५ मिली द्रावण घातलं की एकूण २८ मिली होतं. हे ३ मिली विसरलात तर आकडा दहा टक्क्यांहून जास्त कमी येतो.

दुसरा ८ ग्रॅमचा हिस्सा नुसत्या २२ मिली ऊर्ध्वपातित पाण्यात तासभर हलवून गाळा. हा एकास पाच अर्क. त्यात पालाश, सोडियम आणि विद्युतवाहकता मोजा.

फ्लेम फोटोमीटरवर पालाशचा फिल्टर लावून वाचन घेता येतं, पण खाऱ्या नमुन्यात सोडियमची ज्योत इतकी प्रखर असते की पालाशचा आकडा फुगतो. यावर उपाय एकच: प्रमाण द्रावणांतही नमुन्याइतकंच सोडियम घाला. आधी सोडियम मोजा, मग त्या अंदाजाने सोडियम क्लोराइड मिसळून प्रमाण द्रावणं नव्याने करा. मन साशंक असेल तर नमुन्याच्या एका भागात ठाऊक असलेला पालाश, समजा लिटरमागे ४ मिलिग्रॅम, घालून पुन्हा वाचा. वाढ चारचीच दिसली पाहिजे. पाच-सहाची दिसली तर यंत्र सोडियम मोजतं आहे. चिखलाचे अर्क बहुतेक वेळा दहापट विरळ करावे लागतात.

दर दहा नमुन्यांनंतर ६ मिलिग्रॅमचं प्रमाण द्रावण पुन्हा वाचा. फरक पाच टक्क्यांपलीकडे गेला तर मागचे दहाही पुन्हा. गॅसचा दाब उतरणं आणि ओढनळीत कुजलेल्या पाल्याचा तपकिरी कचरा अडकणं, ही वाचन सरकण्याची नेहमीची कारणं. मातीविना केलेला कोरा अर्क प्रत्येक खेपेला हवाच.

यंत्र नसेल तर काम अडत नाही. कृषी संचालनालयाच्या माती परीक्षण सुविधा आहेत, जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्था आहे. मात्र नमुने देताना ‘उपलब्ध पालाश’ एवढंच मागू नका. विद्राव्य पालाश, सोडियम आणि वाहकता वेगळी मागा, आणि निकाल किलोमागे मिलिग्रॅममध्येच घ्या. कारण पुढे आहे.

हिशोब

समजा वरच्याच चिखलाचा अमोनियम अॅसिटेट अर्क दहापट विरळ करून ८.४ वाचला. ८.४ गुणिले १० गुणिले २८ भागिले ५, म्हणजे किलोमागे ४७० मिलिग्रॅम. पाण्याचा अर्क दहापट विरळ करून २.४ वाचला. २.४ गुणिले १० गुणिले ५, म्हणजे १२०. वजाबाकी ३५० मिलिग्रॅम: हा कणांनी धरलेला, खरा पालाश.

आता हेक्टरचा हिशोब. शेतीत मिलिग्रॅमला सरसकट २.२४ ने गुणतात. त्यामागे १५ सेंटिमीटर खोली आणि घन सेंटिमीटरला जवळपास दीड ग्रॅम घनता गृहीत धरलेली आहे. कांदळवनाचा मुळांनी भरलेला भुसभुशीत चिखल ०.६ इतका हलका असू शकतो. म्हणून सूत्र असं वापरा: मिलिग्रॅम गुणिले घनता गुणिले खोली सेंटिमीटरमध्ये गुणिले ०.१. इथे ३५० गुणिले ०.६ गुणिले १५ गुणिले ०.१, म्हणजे हेक्टरी ३१५ किलो. डोळे मिटून ४७० ला २.२४ ने गुणलं असतं तर १,०५३ किलो आले असते. एकाच पिशवीतल्या मातीचे हे दोन आकडे आहेत, आणि छापील अहवालात बहुधा दुसराच उतरतो.

खतावर पालाश ऑक्साइडच्या रूपात लिहिलेला असतो. मोजलेल्या पालाशला १.२०५ ने गुणलं की तो आकडा येतो. दोन अहवालांची तुलना करताना कोण कशात बोलतो आहे ते आधी बघा.

आकड्यांचा अर्थ

भारतात हेक्टरी १०८ किलोखाली कमी, २८० किलोवर भरपूर अशी विभागणी सर्रास वापरतात. ती पिकांसाठी आहे. खाजनातल्या भाताला आणि मोरडीवरच्या काजूला ती लावा, कांदळवनाला लावू नका. जंगलासाठी ‘पुरेसा’ असा तयार आकडा नसतो. तिथे तुलना करायची ती त्याच बेटावरच्या धडधाकट तुकड्याशी, त्याच ऋतूत, त्याच थराशी. प्रत्येक पट्ट्याचा मधला आकडा आणि सर्वांत लहान-मोठे आकडे द्या. नुसती सरासरी देऊ नका.

मोरडीवर विनिमयक्षम पालाश कमीच येतो. जांभ्यातली केओलिनाइट चिकणमाती फारसं काही धरून ठेवू शकत नाही आणि पाऊस उरलेलं नेतो. अशा जागी वरचा थर खालच्यापेक्षा श्रीमंत असला पाहिजे, कारण झाडं खालून ओढून पाल्यातून वर टाकतात. वरचा आणि खालचा सारखाच गरीब असेल तर ते फिरतं चक्र तुटलं आहे: पाला झाडून नेला जातो आहे, वणवा लागतो आहे किंवा माथ्याची माती वाहून गेली आहे.

काठच्या पट्ट्यात विद्राव्य पालाश जास्त आणि विनिमयक्षमही चांगला, पण रोपं मरत आहेत, असं दिसलं तर सोडियमकडे बघा. मातीच्या अर्कात सोडियम-पालाश प्रमाण २७ च्या पुष्कळ वर गेलं असेल तर मुळांना पालाश ओळखून घेणं जड जातं. मेमध्ये बाष्पीभवनाने खारट झालेल्या उघड्या चिखलपट्ट्यांत असं होतं.

तिसरी खूण खाजनाची आहे आणि ती सर्वांत जास्त निसटते. बांधाच्या आतली जमीन बराच काळ कोरडी राहिली, मानस बंदच पडली, की सल्फाइड आंबून सामू ४ च्या खाली जातो. मुळांच्या जुन्या वाटांवर वाळलेल्या गवतासारखे फिकट पिवळे डाग दिसतात. ते जॅरोसाइट. या खनिजात पालाश बांधला जातो आणि अमोनियम अॅसिटेटला तो सुटत नाही. अहवालात पालाश कमी येतो, कोणीतरी पोटॅशची पोती सुचवतं, आणि दुखणं पाण्याच्या नियोजनाचं असतं. तिथे आधी मानस आणि बांध दुरुस्त व्हायला हवा, जमीन ओली राहायला हवी. पोती नंतर.

मातीशेजारी झाडांचीही नोंद ठेवा, नाहीतर पालाशच्या आकड्याला ‘आरोग्य’ कशाच्या आधाराने म्हणायचं? प्रत्येक बिंदूवर १० बाय १० मीटरमध्ये झाडं मोजा, १.३ मीटर उंचीवर घेर घ्या. कांदळाचा घेर मात्र सर्वांत वरच्या आधारमुळाच्या ३० सेंटिमीटर वर घ्यावा. एक चौरस मीटरच्या पाच चौकटींत रोपं आणि खेकड्यांची बिळं मोजा. बिळं महत्त्वाची आहेत. त्यांच्यातूनच भरतीचं पाणी चिखलात खेळतं आणि साठलेलं मीठ धुतलं जातं.

पानंही तपासायची असतील तर टोकापासून तिसरी-चौथी जोडी घ्या. तिवराच्या पानावर मिठाचे कण असतात, ते काढलेच पाहिजेत, पण पान पाण्यात ठेवलं की आतला पालाशही निघायला लागतो. ऊर्ध्वपातित पाण्यात दहा सेकंदांच्या दोन बुचकळ्या, लगेच टिपणं, मग ७० अंशांवर ४८ तास. राख करायची तर ५०० अंशांपलीकडे जाऊ नका, त्यावर पालाश उडायला लागतो.

कमी निघाला तर

अभयारण्यात खत टाकायचं नाही. टाकलेलं पोटॅश पहिल्या उधाणाला किंवा पहिल्या पावसाला खाडीत जातं, आणि मोजमापाची जागा कायमची बिघडते. तिथे करण्याजोगं म्हणजे पाला जागेवर राहू देणं, आग थांबवणं, तुंबलेल्या पाण्याच्या वाटा मोकळ्या करणं. गावाच्या हद्दीतल्या माडांचा प्रश्न वेगळा आहे. माडाला पालाश भरपूर लागतो. मोठ्या झाडाला वर्षाला १,२०० ग्रॅम पालाश ऑक्साइडची शिफारस आहे, म्हणजे सुमारे २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. बुंध्यापासून १.८ मीटरच्या आळ्यात एक तृतीयांश मे-जूनच्या पहिल्या सरींनंतर आणि उरलेलं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्या. ऐन जुलैच्या झडीत घातलेलं खत माडाला मिळत नाही. खाजनाकडे उतरणाऱ्या बागांत तर ते थेट शेतातून खाडीत जातं, आणि मग भोकातल्या पाण्याचा ताळा ११.५ च्या हिशोबाला चुकायला लागतो.

दुसऱ्या वर्षी मोजताना जुन्या भोकातच पाइप घालू नका. बुजवलेला चिखल वरखाली झालेला असतो. प्रत्येक बिंदूवर झाडाला खिळा न मारता बांबूची खूण ठेवा, जागेचे अक्षांश-रेखांश लिहा, आणि दरवर्षी खुणेपासून एक मीटर पुढे, ठरलेल्या एकाच दिशेला सरका. त्या दिवशीची तिथी, ओहोटीची वेळ आणि आधीच्या आठवड्यातला पाऊस वहीत त्याच ओळीत लिहून ठेवा.